मावशीची खरवडणी

माझ्या मावशीचा उजवा हात चौतिसाव्या वर्षी कायमचा पालथा झाला. जिन्यावरून गादी खाली आणताना ती गादीसकट सात पायऱ्या घसरली आणि कोपरापासून मनगटापर्यंतची दोन्ही हाडं मोडली. पुढे हाडं जुळली, पण एकमेकांनाच जुळली. कोपर वाकायचं, बोटं चालायची, मूठ घट्ट वळायची. फक्त तळवा काही केल्या वर होईना. डॉक्टरांनी दोनदा फोटो काढले, उजेडात धरून बघितले आणि म्हणाले, "एवढं आता धरूनच चाला."

मावशी धरूनच चालली. कुलूप उघडायचं तर किल्लीबरोबर ती स्वतः अर्धी फिरायची. चहा डाव्या हातानं ओतायला लागली. पहिले काही दिवस निम्मा टेबलावर सांडला, मग थेंबही नाही. काका बस चालवायचे आणि बोलायला मोकळेढाकळे होते. ते म्हणाले, "चला, आता कुणापुढे हात पसरायची सोयच उरली नाही तुला."

"नव्हतीच कधी," मावशी म्हणाली.

पण शिवणाच्या कारखान्यातलं तिचं काम सुटलं. तिथं कापड दर मिनिटाला उलटंसुलटं करावं लागे. चार महिने घरी बसली आणि घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा तिनं तीन वेळा बदलली. शेवटी काकाच म्हणाले की तू कुठेतरी जा, नाहीतर एक दिवस मी घरी येईन आणि मलाच कपाटात लावून ठेवलेलं असेल.

ती गेली ती लाकडाच्या कातकामाच्या कारखान्यात. नदीकडच्या उतारावर, दोन उंच खिडक्यांची लांबट शेड. आत चार लेथ. लेथवर लाकूड गरगर फिरतं, कातारी त्याला हत्यार टेकवतो आणि चौकोनी ठोकळ्यातून वाडगा, डबी, दिव्याचा खांब बाहेर येतो. चार लेथवर चार पुरुष, आणि भिंतीलगतच्या लांब टेबलापाशी पॉलिश पेपरनं घासणाऱ्या पाच बायका. मावशी सहावी. घासायला मनगट फिरवावं लागत नाही. पालथा हात पुढंमागं केला की झालं. मावशीचा हात जणू त्याच कामासाठी मोडला होता.

तिसऱ्या आठवड्यात ती मोठ्या मिस्त्रींपुढे जाऊन उभी राहिली. मिस्त्री साठीचे, पहिल्या लेथवरचे, कमी बोलणारे. बोललेच तर लाकडाशी बोलतात असं बायका म्हणायच्या.

"मिस्त्री," मावशी म्हणाली, "प्रत्येक वाडगा आठ वाजता आणि दोन वाजताच का टोचतो?"

मिस्त्रींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मावशीनं वाडगाच पुढे केला. आतल्या बाजूला, घड्याळात जिथं आठ आणि दोन असतात तिथं, समोरासमोर दोन खरखरीत पट्टे होते. बाकी सगळा वाडगा लोण्यासारखा.

"रोज तीस वाडगे माझ्या बोटांखालून जातात," ती म्हणाली. "वाडगा मी कसाही धरला तरी दोन जागा समोरासमोर टोचतातच. तुमचा कमी टोचतो, तिसऱ्या लेथवरचा जास्त."

मिस्त्रींनी लेथ बंद केला. इतक्या वर्षांत घासणाऱ्या टेबलाकडून त्यांना पेपर संपला यापलीकडे कुणी काही कळवलं नव्हतं. ते म्हणाले, "लाकूड म्हणजे काड्यांची जुडी समजा, बाई. वाडगा फिरताना दोन ठिकाणी हत्यार काड्यांच्या अंगावरून जातं, तिथं गुळगुळीत. उरलेल्या दोन ठिकाणी काड्यांच्या टोकांत शिरतं. तिथं काड्या कापल्या गेल्या तर ठीक, उपटल्या गेल्या तर टोचणार."

"म्हणजे आम्ही सहा जणी दिवसभर घासतो ते तुम्ही उपटलेलं?"

"असं म्हणायला हरकत नाही."

"मग उपटूच नये ना!"

मिस्त्री हसले की खोकले, हे कुणाला नीट कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मावशीला लेथपाशी बोलावलं. "बोलणं सोपं असतं. धरा." तिच्या हातात त्यांनी पन्हळी पटाशी दिली, पन्हळीसारखं खोलगट पातं असलेली. कातारी लोकांचं खरं हत्यार ते. वाडग्याच्या कडेपासून तळाकडे जाताना ते हातात सारखं थोडं थोडं वळवत न्यावं लागतं; वळण चुकलं की पात्याचा कोपरा लाकडात रुततो.

मावशीचं वळण चुकलं नाही, कारण वळण आलंच नाही. मनगट जिथल्या तिथं. चार सेकंदांत पात्यानं लाकडात दात रोवला, धाडकन आवाज झाला, वाडगा लेथवरून सुटला आणि वॉर्निशच्या डब्यांच्या उतरंडीवर जाऊन आदळला. डबे गडगडत दारापर्यंत गेले. सगळा कारखाना हसला. सगळ्यात मोठ्यानं हसला तिसऱ्या लेथवरचा कातारी. त्याला सगळे 'घाईसाहेब' म्हणत, कारण तो चहासुद्धा उभ्या उभ्या, पुढच्या कामाकडे बघत प्यायचा.

"ताई," तो म्हणाला, "मनगट वळत नाही त्यानं कातकामाच्या नादाला लागू नये. भांडी घासायची सवय आहे, तीच बरी."

"घासतेच आहे की," मावशी डबे गोळा करत म्हणाली, "तुमचीच घासते रोज. सगळ्यात जास्त वेळ तुमच्याच भांड्यांना लागतो."

हसणं बाजू बदलून घाईसाहेबांवर आलं. मावशीनं डबे पुन्हा रचले आणि मिस्त्रींना विचारलं, "न वळवता चालतं असं एखादं हत्यार असतं का?"

मिस्त्री खिडकीपाशी गेले. खिडकीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून फटीत एक लोखंडी पट्टी खोचलेली होती. ती त्यांनी ओढून काढली. गंजलेली, बोटाएवढी जाड, टोकाला अर्धगोल. "ही खरवडणी," ते म्हणाले. "सपाट टेकवायची, सपाटच चालवायची. माझ्या गुरूंची. मी वापरत नाही. कातारी लाकूड कापतो. खरवडणं हे कमीपणाचं मानतात आमच्यात."

"माझ्यात नाही मानत," मावशी म्हणाली.

त्या दिवसापासून खिडकी आपटायला लागली आणि मावशीचं शिक्षण सुरू झालं.

मी त्या वेळी कॉलेजात होते आणि शनिवारी तिच्याकडे जायची. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला लाटण्यासारखा एखादा दांडा टेकवून ती मला दाखवायची: "हे बघ. मूठ वर, टोक खाली. नेहमी. हत्यार नाक खाली करून चाललं पाहिजे, लाजल्यासारखं. नाक वर केलंस की लाकूड त्याला आत ओढतं आणि मग गेलीस तू वॉर्निशच्या डब्यांत." हत्यार टेकवायच्या लोखंडी दांड्याला कारखान्यात टेकू म्हणत. टेकू लाकडाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. वाडग्याच्या आत काम करताना पात्याचं टोक मध्याच्या किंचित वर ठेवायचं. म्हणजे चुकून दाबलं गेलंच तर टोक खाली मोकळ्या हवेत जातं, लाकडात नाही. आणि पात्याची गोलाई वाडग्याच्या गोलाईपेक्षा जरा जास्त हवी. "आख्खं तोंड एकदम टेकवलं की भांडण. नखाएवढा भाग टेकव, मग लाकूड ऐकतं." हे सांगताना ती मला उद्देशून बोलते की काकांना, असा प्रश्न पडायचा.

धारेचं प्रकरण तिला सगळ्यात अवघड गेलं. खरवडणीचं पातं सहाणेच्या फिरत्या चाकावर लावलं की त्याच्या वरच्या कडेला एक अगदी बारीक, केसाएवढी कड उभी राहते. डोळ्यांना दिसत नाही, अंगठा आडवा फिरवला की लागते. कापते ती हीच. आणि ती मिनिटा-दोन मिनिटांत झिजते. मिस्त्री मावशीमागे हात बांधून उभे राहायचे आणि एकच विचारायचे: "काय पडतंय?"

"भुसा."

"मग थांबा. धार लावा."

पुन्हा लावायची. पुन्हा टेकवायची.

"काय पडतंय?"

"केसासारखी साल पडतेय."

"मग चालू द्या."

सहा महिने हेच. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास, आणि सुट्टी झाल्यावर उजेड असेपर्यंत. कुठल्याशा कामात आपण मागे आहोत ही गोष्ट मावशीला मुळातच सहन होत नसे. पण गंमत अशी की ती घाबरलेली मी एकदाही पाहिली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "घाबरायला काय झालं? माझी बोटं मला सांगतात ना, कुठं चुकलं ते. हातानं केलेलं हातालाच तपासता येतं. शाळेत गणिताचं तसं नव्हतं."

वर्ष सरता सरता मालकांनी तिला चौथा लेथ दिवसातून दोन तास दिला. मालक सावध माणूस. पाऊल टाकायच्या आधी जमिनीला विचारून घेणारा. काम ठरलं ते असं: बाकीच्यांनी वाडगे पन्हळी पटाशीनं कोरायचे, आणि शेवटचा हात मावशीनं आतून खरवडणीनं फिरवायचा. पहिल्याच आठवड्यात घासणाऱ्या टेबलावरचं काम निम्म्यावर आलं. तिथल्या बायकांनी तोंडावर बांधलेली धुळीची फडकी खाली केली आणि पहिल्यांदाच एकमेकींशी दुपारभर बोलल्या.

मग मावशीनं स्वतःचं हत्यार घ्यायचं ठरवलं. मिस्त्रींच्या गुरूंची पट्टी घासून घासून आखूड झाली होती. हत्यारांच्या दुकानात ती काकांना घेऊन गेली, मीही होते. दुकानदारानं सरळ काकांकडे बघून विचारलं, "बोला साहेब, काय दाखवू?"

"यांना विचारा," काका म्हणाले. "मी बस चालवतो. मी निवडलं तर भोंगा घेऊन घरी जाईन."

दुकानदारानं दोन खरवडण्या काउंटरवर ठेवल्या. एक आरशासारखी चकचकीत, लाल लाकडाची कोरीव मूठ. दुसरी काळपट, ओबडधोबड, जाड. पण बोलला तो पुन्हा काकांशीच. "ही चकचकीत घ्या. हलकी आहे, बाईमाणसाला बरी."

मावशीनं चकचकीत उचलली. काउंटरच्या कडेवर आडवी ठेवली, चार बोटं बाहेर राहतील अशी. डाव्या हातानं मागून दाबून धरली आणि उजव्या अंगठ्यानं टोक खाली दाबलं. टोक केसभर लवलं. मग जाड पट्टी तशीच ठेवून दाबली. ती हलली नाही.

"माझ्या अंगठ्यानं लवते ती फिरत्या लाकडापुढं थरथरणार," ती दुकानदाराला म्हणाली. "थरथरली की वाडग्यात लाटा उठणार. त्या लाटा मग आमच्या बायका घासत बसणार. हलकेपणा काय करायचाय? हत्यार मी उचलून नाचत नाही, टेकूवर ठेवते. जड असलं तर भारानंच शांत बसतं."

मग तिनं जाड पट्टीची खालची बाजू बोटानं चाचपली. "या कडा खाली टोचतात. टेकूवर सरकताना अडकतील. पण ते मी घरी दगडावर घासून घेईन. मूठ मात्र लांब द्या. माझा हात पालथा आहे, मूठ कोपराखाली दाबून धरता आली पाहिजे."

दुकानदारानं आता मावशीकडे बघितलं आणि आत जाऊन लांब मूठ घेऊन आला. तिनं अर्धगोल टोकाची एक घेतली आणि डब्यांच्या तळासाठी चौकोनी टोकाची एक. निघताना दुकानदार म्हणाला, "ताई, एक विचारू? ही चकचकीत कुणी घेत नाही, काय कारण असेल?"

"भिंतीवर टांगायला छान आहे," मावशी म्हणाली.

घाईसाहेबांना हे सगळं झोंबत होतं. त्यांचे वाडगे आतल्या कामासाठी मावशीकडे जात आणि मावशीकडून कौतुकानं बाहेर पडत. एक दिवस त्यांनी ठरवलं, खरवडणी काय, आपणही करू. त्यांनी एक जुनी रुंद कानस घेतली, तिचं टोक चाकावर घासून गोल केलं, मूठ बसवली. मावशीनं ते लांबून पाहिलं आणि हातातलं काम ठेवून गेली.

"दादा, ही कानस आहे. कडक असते, पण लवत नाही, तुटते. काचेसारखी. लेथवर नका लावू."

"ताई, तुम्ही लेथवर आलात तेव्हा मी बारा वर्षं इथं होतो."

"तुमचा अनुभव कानशीला माहीत नाही," ती म्हणाली. आणि मग तिनं एक केलं: समोरच्या टेबलावरच्या बायकांना उठवून बाजूला नेलं. त्या कुरकुरल्या, पण उठल्या.

कानस तीन मिनिटं टिकली. चौथ्या मिनिटाला ठोकळ्यातली एक गाठ समोर आली, टणकन आवाज झाला आणि पुढचा तुकडा टेबलावर, जिथं मघाशी बायका बसल्या होत्या, तिथल्या पेपरच्या गठ्ठ्यात घुसून उभा राहिला. दुसरा छोटा तुकडा घाईसाहेबांचं गालफड चाटून गेला. रक्त खूप आलं. मावशीनं स्वच्छ फडकं गालावर दाबून धरलं आणि रिक्षा येईपर्यंत सोडलं नाही. चार टाके पडले. त्या वेळी ती त्यांना एक शब्द बोलली नाही. घरी येऊन मात्र काकांपुढे पाऊण तास बोलली. काका शेवटी म्हणाले, "अगं, आमच्या रस्त्यावर जागोजागी पाटी आहे, अति घाई संकटात नेई. तुमच्या शेडमध्येही एक लावा."

लावली नाही. गरज पडली नाही. टाके काढून आल्यावर घाईसाहेबांनी कानशीचा उरलेला तुकडा मावशीपुढे ठेवला आणि विचारलं, "खरी खरवडणी कुठून आणलीत?" मावशीनं दुकानाचा पत्ता दिला आणि सांगितलं, "चकचकीत घेऊ नका." त्या दिवसापासून तो माणूस चहा बसून पिऊ लागला असं मी म्हणणार नाही, पण लेथ सुरू करायच्या आधी एक श्वास घ्यायला लागला, एवढं खरं.

मावशीचं नाव झालं ते एका पडलेल्या झाडामुळे.

शहरातल्या जुन्या वाचनालयाच्या आवारात एक अजस्र झाड होतं. शंभरएक वर्षांचं. वादळात ते मुळासकट आडवं झालं. ग्रंथपालबाईंनी ठरवलं की खोडातून एकच मोठा वाडगा करून घ्यायचा आणि वाचनकक्षाच्या मधल्या टेबलावर ठेवायचा. खोडाचा चांगला भाग एवढाच निघाला की ठोकळा एकच झाला. दुसरा नाही. मालक त्या ठोकळ्याभोवती दोन दिवस नुसते फिरले.

मिस्त्रींनी बाहेरचा आकार काढला, आतून जाडजूड पोखरला आणि वर्षभर सुकायला ठेवला. वर्षानं लेथवर चढवला तेव्हा त्यांनी पटाशी खाली ठेवली आणि मालकांना म्हणाले, "आतलं काम बाई करतील."

"सगळं?"

"लाकूड कुठं कडक आहे, कुठं मऊ. पटाशी मऊ भागात उपटणार. खरवडणीचं काम आहे हे. आणि खरवडणीला इथं त्यांच्याहून चांगलं कुणी नाही. मी धरून."

मावशीला एवढी मोठी पावती कुणी दिली नव्हती. ती लाजली नाही. म्हणाली, "करते. पण लेथ मी सांगेन त्या वेगानं. समोर कुणी उभं राहायचं नाही. आणि कधी होणार असं कुणी विचारायचं नाही." शेवटचं वाक्य बोलताना तिनं मालकांकडे बघितलं.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, काठापासून दोन बोटं खाली, पात्याचा आवाज बदलला. खर्र खर्र चाललं होतं ते एकदम किर्र झालं आणि एक ठिणगी उडाली. मावशीनं हत्यार तिथल्या तिथं मागे घेतलं, लेथ थांबवला. पात्याच्या धारेला खोबणी पडली होती. वाडग्याच्या भिंतीत लोखंडाचा चकचकीत ठिपका, भोवती निळाकाळा डाग. खिळा. कधी काळी कुणी झाडावर ठोकला, झाडानं गिळला.

मालकांनी कपाळाला हात लावला. घाईसाहेब म्हणाले, "उपटून काढू, भुसा आणि सरस भरू, कुणाला कळणार नाही."

मावशी खिळ्याकडे बघत होती. "झाडावर खिळा कशाला ठोकतात?"

"पाटी लावायला."

"एका खिळ्यावर पाटी लावतात का? वाऱ्यानं गोल गोल फिरेल ती."

मावशीनं फडताळातून जुन्या स्पीकरचं जाड लोहचुंबक काढलं, दोऱ्याला टांगलं आणि काठाच्या कडेकडेनं सावकाश फिरवायला लागली. अर्ध्या वर्तुळापर्यंत काही नाही. मग एके ठिकाणी चुंबक अलगद भिंतीकडे झुकलं आणि टक्कन चिकटलं. तिथं अजून काही दिसतच नव्हतं.

"हा दुसरा," ती म्हणाली. "एकाच माणसानं, एकाच दिवशी, एकाच खोलीपर्यंत ठोकलेत. डाग खाली पसरायच्या आत काठ तीन बोटं कापून टाकायचा. दोन्ही खिळे जातील."

"तीन बोटं!" मालक म्हणाले. "उंची ठरलेली आहे, बाई. त्यांना काय सांगू?"

"खरं सांगा. सरस भरून दिला तर पुढच्या पावसाळी हवेत डाग वर येईल आणि मग तेव्हा काय सांगाल?"

मिस्त्री फक्त मान डोलावत होते. मालकांनी फोन केला. तासाभरात ग्रंथपालबाई स्वतः आल्या. उंच, केस पांढरे, चष्मा दोरीला. त्यांनी खिळा बघितला, चुंबक बघितलं, वाडग्याच्या आत कोपरापर्यंत हात घालून फिरवला. मग मावशीला म्हणाल्या, "उंची कमी झाली तर काय बिघडलं? आत कुणी उभं राहणार आहे का?"

काठ मिस्त्रींनी कापला. "सरळ काप घेणं त्यांचं काम, मी त्यात लुडबुड करत नाही," असं मावशी नंतर म्हणाली. लाकडाचं एक मोठं कडं सुटून बाहेर आलं आणि दोन्ही खिळे त्याच्यासोबत गेले. खाली लाकूड स्वच्छ होतं.

पुढचे दीड दिवस मी तिला काम करताना पाहिलं. मी मुद्दाम रजा काढली होती. मूठ कोपराखाली, पालथा हात मुठीवर घट्ट, डावा हात टेकूपाशी पात्यावर नुसता ठेवलेला. शरीर घोट्यांपासून डुलायचं आणि हत्यार त्याच्याबरोबर काठाकडून तळाकडे जायचं. दर दोन मिनिटांनी थांबायची, धार लावायची. पातळ, मऊ, केसासारख्या साली तिच्या बाह्यांवर साचायच्या. नियम एकच: वरचा भाग आधी, भिंत जाड आहे तोवर, पूर्ण करायचा, मग खाली, मागे वळायचं नाही.

शेवटच्या दुपारी तळ झाला. मालक डोकावले. काठाच्या आत उजेडात कसलीशी पुसट लाट दिसत होती. "तेवढं एकदा फिरवा ना हात. एकदाच."

"नाही," मावशी म्हणाली.

"जरासं..."

"मालक, आता भिंत पातळ झाली. वेगात ती फुगते, आत येते, आपल्याला दिसत नाही. आता तिथं पातं लावलं तर ती किंचाळणार, आणि पुढच्या क्षणी तुमच्याकडे दोन वाडगे असणार. ते मी हातानं करते. लेथ बंद करून."

आणि तिनं लेथ बंद करून, स्टुलावर बसून, एक पत्र्याएवढी पातळ खरवडणी बोटांत धरून ती लाट हातानं उतरवली. मालक दाराशीच उभे होते. घासायच्या टेबलावरच्या पाच जणी रांगेनं आल्या आणि प्रत्येकीनं डोळे मिटून आतून हात फिरवला. त्यातली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली, "मला इथं कामच नाही." तिच्या तोंडून ही तक्रार नव्हती.

वाडगा वाचनकक्षात गेला. चौथा लेथ पूर्ण दिवसाचा मावशीचा झाला. पुढे टेबलावरच्या दोघी तिच्या हाताखाली शिकल्या. त्यातली एक आज पहिल्या लेथवर आहे. मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण करायला उभे राहिले, लेथवर थाप मारली, "चांगलं यंत्र आहे," एवढंच बोलले आणि खाली बसले. मावशी एकोणीस वर्षं तिथं राहिली. तिचं मनगट शेवटपर्यंत तसूभरही वळलं नाही. नवे लोक विचारायचे, हात असा का, ती म्हणायची, "टेकूवर ठेवला की शोभतो."

आता ती सदुसष्टची आहे. घरामागच्या खोलीत एक छोटा लेथ आहे आणि ती छोट्याच वस्तू करते, करंगळीएवढ्या खरवडण्यांनी. गेल्या महिन्यात अंधशाळेच्या मुख्याध्यापिकांनी तिच्याकडून बुद्धिबळाचे संच करून घेतले. काळी सोंगटी आणि पांढरी सोंगटी हातालाच कळली पाहिजे, म्हणून काळ्यांच्या डोक्यावर मोहरीएवढं टोक ठेवायचं, आणि प्रत्येकीच्या बुडाला खुंटी, म्हणजे पटावरच्या भोकात पक्की बसेल, चाचपताना पडणार नाही. पहिला संच झाला तसा तिनं काकांना समोर बसवलं. दोघांनी डोळ्यांना फडकी बांधली. मी पंच.

काका चाचपडत होते, मावशीची बोटं पटावरून वाऱ्यासारखी फिरत होती. बाराव्या खेळीला काकांनी स्वतःचाच उंट उचलून बाजूला ठेवला आणि विजयानं ओरडले, "मारला!"

"तुमचाच मारलात," मावशी म्हणाली. मग तिनं तो उंट मागून घेतला, अंगठा त्याच्या डोक्यावर फिरवला आणि फडकं न काढताच उठून लेथच्या खोलीकडे निघाली. "पण तुमची चूक नाही. टोक बोथट आहे. ह्याच्यासकट चारही काळे उंट पुन्हा करते."

"चार कुठून? काळे उंट दोनच असतात ना?" मी म्हणाले.

"दुसऱ्या संचाचेही केलेत," आतून आवाज आला, आणि पाठोपाठ लेथ सुरू झाला.